समोरचे काका म्हणाले, ‘भारी है’

उन्हाळ्यातल्या मोठ्या सिनेमांचा मला मनापासून वीट आलाय. एप्रिल लागला की सुरू होतं यांचं. असा सिनेमा झाला नाही, होणार नाही, इतकी माणसं राबली, एका गाण्याला इतके दिवस लागले. अरे, मग गाणं तरी बरं करायचं होतं! मागच्याच उन्हाळ्यात भाचीच्या हट्टापायी एक पाहून आले. पावणेतीन तास नुसत्या इमारती कोसळत होत्या. एक माणूस माणसासारखा बोलला नाही, सगळे आपले ओरडतायत. घरी येऊन कपाळाला बाम चोळला आणि भाचीला फोन करून झापलं. ती म्हणाली, “मावशी, तुला ना, कुठलाच आवडत नाही.” खरंय. हा गुण माझ्या आईचा.

आई सिनेमाला नावं ठेवायला बसली की बाकीच्यांनी हातातली कामं टाकून ऐकत राहावं. आम्ही भोपाळला आलो त्याच वर्षी मे महिन्यात एक सिनेमा लागला होता, त्यात म्हणे अख्खं जहाज बुडतं. तीन महिने त्या जहाजाचा डांगोरा. पाहून आल्यावर आई पदरानं वारा घेत म्हणाली, “कसलं मेलं जहाज! धुणं खळबळताना माझ्या बादलीत याहून मोठ्या लाटा येतात. आणि तो नायक, बुडतोय बुडतोय नि भांग काही विस्कटत नाही त्याचा.” शेजारणींना हे मराठी अर्धंमुर्धंच कळायचं, तरी त्या हसून हसून लोळायच्या. चांगला सिनेमा निघाला तर आईचा मूडच जायचा. बोलायला काही उरायचं नाही ना.

बाबा एका सरकारी कारखान्यात होते. अवजड यंत्रं बनवणारा कारखाना, त्याची भलीमोठी टाउनशिप. आम्ही पुण्याहून बदलीवर आलेलो. सगळ्यांची क्वार्टर्स एकासारखी एक, दारांना एकच हिरवा रंग, भोंगा एक, दवाखाना एक, आणि शाळेत बाईंचे यजमानही आपल्याच बाबांच्या शॉपमध्ये, म्हणजे कारखान्याच्या त्याच विभागात. मे महिन्यात शाळा बंद, दुपारी पत्रा तापावा तशी घरं तापायची. करायचं काय माणसांनी? सगळी कॉलनी सिनेमाकडे डोळे लावून बसायची. अर्धी माणसं गोष्टीसाठी जायची नि अर्धी थेटरातल्या थंड हवेसाठी, आणि दोन्हींच्या बाबतीत फसून घरी यायची. पुढच्या शुक्रवारी पुन्हा तयार! मला तेव्हाही याचा संताप यायचा. पण मीसुद्धा त्यांच्यातच असायचे.

आमच्या समोरच्या क्वार्टरमध्ये एक काका राहायचे. अस्सल भोपाळी, दर तिसऱ्या वाक्याला ‘खां’ म्हणणारे. कारखान्यात ते इन्स्पेक्शनला होते, तयार झालेला माल तपासून त्यावर शिक्का मारणं हे त्यांचं काम. सिनेमाही ते तसाच तपासायचे. शुक्रवारी पहिला खेळ चुकवायचे नाहीत. शनिवारी सकाळी फडकं घेऊन स्कूटर पुसायला बाहेर आले, की ओळीतल्या सगळ्या जाळीच्या दारांमागे माणसं उभी. काका मान वर न करता निकाल द्यायचे. “पास.” नाहीतर “रिजेक्ट.” ते जहाज बुडालं तेव्हा ते “स्क्रॅप” म्हणाले होते, म्हणजे थेट भंगारात. आम्ही तरीही गेलो, ते सोडा. पण त्यांचा शब्द बाबांना प्रमाण होता.

दुसऱ्या वर्षी जानेवारीत मला भाऊ झाला. तो अकरा दिवस जगला.

कारखान्याच्या इस्पितळातच गेला. आईला ताप होता, ती वॉर्डात पडून होती. बारसं व्हायचं होतं, त्यामुळे त्याला नाव नव्हतं, आणि नाव नाही म्हणून कुणाला त्याच्याबद्दल बोलायचं कसं तेच कळेना. बायका यायच्या, “होईल हो दुसरं” म्हणायच्या, चहा पिऊन जायच्या. होईल हो दुसरं! भांडं फुटलंय का कपाटातलं? मी दहा वर्षांची होते, पण तेव्हा त्या बायकांचा मला जो तिटकारा आला तो अजून गेलेला नाही.

आई घरी आली, कामाला लागली. स्वयंपाक वेळेवर, माझ्या वेण्या वेळेवर. फक्त ती घराबाहेर पडेना. दूध आणायला मी, भाजीला बाबा. अंगणाचं लाकडी फाटक ही तिची हद्द झाली, त्यापुढे पाऊल नाही. आणि तिचं बोलणं संपलं. “वाढू का” आणि “झालं का”, एवढंच. रागावणंसुद्धा नाही. मी एकदा मुद्दाम तिच्या समोर दुधाचं भांडं सांडलं. ती फडकं घेऊन आली, पुसलं आणि गेली. मला इतकी भीती कधीच वाटली नव्हती. बाबा तर तिच्याशी पाहुण्यासारखे वागायला लागले होते. त्याच्याबद्दल एक अक्षर ते बोलत नव्हते, तीही नाही. इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई तिला बघायला घरी आल्या, त्यांनी बाबांना बाजूला घेऊन सांगितलं, “इन्हें बाहर निकालिए, किसी भी बहाने से. नहीं तो ये ऐसी ही रह जाएंगी.” मी तिथंच उभी होते, मी ऐकलं. ऐसी ही रह जाएंगी.

तर अशा वेळी तो सिनेमा येऊ घातला होता. त्याचं नाव मी घेणार नाही, त्याची तेवढी लायकी नाही. जवाहर चौकात त्याचं एवढं मोठं पोस्टर लागलं की मागची तीन दुकानं झाकली गेली. घोड्यावर नायक, दोन नायिका, मागे बर्फ, बर्फात हत्ती. बर्फात हत्ती काय करत होता ते शेवटपर्यंत कळलं नाही. टाउनशिपमधून भोंगा लावलेली रिक्षा फिरायची, “हंसते हंसते लोटपोट हो जाइए, पूरे परिवार के साथ देखिए!” पोरं तिच्यामागे धावायची. बाबांना सिनेमात काडीचा रस नव्हता, थंड हवेत त्यांना हमखास झोप लागायची. पण त्या वर्षी तेच पेपरात जाहिरात शोधायला लागले. रिक्षा आली की पुढच्या खोलीचं दार उघडून ठेवायचे, आईला ऐकू जावं म्हणून. एक दिवस मला म्हणाले, “विनोदी आहे म्हणतात. नसला धड तर अजूनच बरं. ती नावं तरी ठेवेल.” माझे बिचारे बाबा! माणसं देवाला नवस बोलतात, ते त्या हत्तीवर भरवसा ठेवून बसले होते.

शुक्रवारी समोरचे काका गेले. शनिवारी सकाळी ते फडकं घेऊन बाहेर आले तेव्हा बाबा दाढीचा साबण तोंडाला तसाच ठेवून फाटकापर्यंत गेले.

“कैसी है?” बाबांनी विचारलं.

काकांनी त्या दिवशी पास म्हटलं नाही, रिजेक्टही नाही. फडकं खांद्यावर टाकलं, मोठा श्वास घेतला आणि म्हणाले, “भारी है खां. बोत भारी है.”

बाबांचा चेहरा साबणाखालून फुलला. पुण्यात वाढलेला माणूस! भारी साडी, भारी गाडी, भारी माणूस. वर्ष-सव्वा वर्ष भोपाळात काढून त्यांचं हिंदी बरं झालं होतं, शॉपमध्ये ते धाडधाड बोलायचे. पण काही शब्द कानात मराठीच राहतात. “भारी!” ते मला म्हणाले, “बघ, पास म्हणूनसुद्धा भागलं नाही त्यांचं. भारी म्हणाले, भारी!” आणि आत जाऊन आईसमोर उभे राहिले. “उद्याची तिकिटं काढतो. समोरचे म्हणालेत भारी आहे. नाही आवडला तर तू शिव्या घाल, मी ऐकून घेईन.”

 रविवारी जेवणं झाल्यावर आईनं कपाट उघडलं आणि निळी साडी काढली. मी दारातून पाहत होते. बाबांनी स्कूटर काढली, मी पुढे उभी राहिले, आणि आई फाटक उघडून बाहेर आली. चार महिन्यांनी. समोरच्या काकांच्या दाराला कुलूप होतं, ते सकाळीच सिहोरला सासुरवाडीला गेले होते. असते तर त्यांनी आम्हाला तिथंच अडवलं असतं.

थेटरात ही गर्दी. हवा थंडबिंड काही नव्हती, पंखे गरगरत होते आणि घामाचा, केसांच्या तेलाचा वास. सिनेमा सुरू झाला आणि पहिल्या पाच मिनिटांत मला कळलं की भिकार आहे. दहा वर्षांच्या पोरीला कळलं! विनोदी नट पडायचा, उठायचा, पुन्हा पडायचा, आणि लोक त्यालाही हसत होते. नायक बर्फात गाणं म्हणायला लागला तेव्हा माझ्या शेजारून आवाज आला.

“मीठ आहे ते.”

बाबांनी अंधारात माझा हात दाबला. आई पुढे म्हणाली, “बर्फ असा पायाला चिकटत नाही. गोणी फोडलीये मिठाची.” जरा वेळानं म्हणाली, “आणि एवढ्या थंडीत याच्या काखेत घाम कुठून आला?” मी फिदीफिदी हसले. बाबा तर मुद्दाम मोठ्यानं हसले. मध्यंतरात आईनं अर्धा समोसा खाल्ला आणि नाक मुरडून सांगितलं, “आतला बटाटा आंबलाय.” इतकी गोड तक्रार मी आयुष्यात ऐकली नाही. बाबा आणखी दोन समोसे घेऊन आले. मला वाटलं, जिंकलो आपण.

मध्यंतरानंतर नायकाला मूल होतं. पाळणा, गाणं, फुगे. आणि मग, कशाला सांगू लांबण लावून, ते मूल आजारी पडतं आणि मरतं. हंसते हंसते लोटपोट हो जाइए, नाही का! पूरे परिवार के साथ! मरतं तर मरतं, पण झटकन नाही. गाणं आहे त्या मरण्यावर. पाऊस आहे. देवळातल्या घंटा आहेत. प्रेक्षकांचे डोळे पिळून काढायचे म्हणून त्या दिग्दर्शकानं एवढ्याशा जिवाला किती वेळा इकडून तिकडे नेलं म्हणून सांगू! आजही आठवलं की शिसारी येते. माणूस कलेनं रडवतो ते वेगळं, हा सरळ खिशात हात घालत होता.

बाबा खुर्चीत थिजले होते. ‘भारी’चा अर्थ त्यांना तिथं, त्या अंधारात कळला. दुसऱ्या दिवशी काकांनी तर अक्षरशः कपाळ बडवून घेतलं. “अरे, मैंने बोला था ना, भारी है! दिल पे बोझ रख देती है, भाभी को मत ले जाना, इसी के लिए तो बोला था!” भारी म्हणजे जड. छातीवर धोंडा ठेवावा असं जड. काकांनी आम्हाला सावध केलं होतं आणि आम्ही नटूनथटून निघालो होतो.

मी आईकडे बघायची हिंमत करत नव्हते. पडद्यावर नायिका मेलेलं मूल हातात घेऊन पायऱ्या चढत होती. अंगभर दागिने, डोळ्यांत काजळ, केसांत गजरा. थेटरभर हुंदके. आणि एकदम आई ओरडली.

“अहो, तो श्वास घेतोय!”

बाबांनी दचकून तिचा हात धरला. मला वाटलं, झालं, संपलं, आईला वेड लागलं.

“पोट हलतंय त्याचं, बघा ना,” ती म्हणाली. “झोपलंय ते पोर. दूध पाजून झोपवलंय. मेलेलं मूल असं नसतं.”

मागून कुणीतरी म्हणालं, “ओ बहनजी, चुप बैठिए न!” आई उठून उभी राहिली. पडद्याचा उजेड तिच्या तोंडावर पडला होता आणि डोळ्यांत टिपूस नव्हतं. ती संतापली होती. चार महिन्यांत पहिल्यांदा मी तिला संतापलेली पाहिली.

“काय म्हणून गप्प बसू? ही कशी धरतेय बघा त्याला, उशी धरल्यासारखी! मान लोंबतेय ती सावरायला नको? हात आपोआप जातो हो मानेखाली! आणि गजरा घालून आलीये बया. कुणी रडतं का असं? मी रडले का अशी? श्शी! घाण, घाण आहे हा सिनेमा.”

हे सगळं मराठीत, त्या हिंदी थेटरात. मागचा माणूस गप्प झाला. त्याला काय कळलं कोण जाणे. आमच्या रांगेतल्या बायकांनी गुडघे वळवून वाट दिली आणि आई तरातरा बाहेर गेली. बाबा आणि मी तिच्यामागे धावलो.

बाहेर ऊन रणरणत होतं, डांबर चपलेला चिकटत होतं. सायकल स्टँडच्या पत्र्याच्या सावलीत आई उभी होती. बाबा तिच्यासमोर गेले. “चुकलं माझं,” ते म्हणाले. “मला वाटलं भारी म्हणजे...”  मी त्यांच्या शर्टाचं टोक घट्ट धरून ठेवलं होतं. आता आई पुन्हा गप्प होणार, आणि या वेळी कायमची, याची मला खात्रीच होती.

“कुठं ठेवलंत त्याला?” आईनं विचारलं.

बाबांनी मान वर केली.

“मी तापात होते. मला कुणी काही सांगितलं नाही. तुम्ही आणि समोरचे घेऊन गेलात, एवढंच नर्स म्हणाली. कुठं नेलंत?”

लहान मुलांना जाळत नाहीत, पुरतात, हे मला त्या दिवशी कळलं. बाबांनी स्कूटरला किक मारली. “चल, दाखवतो,” म्हणाले.

आम्ही घराकडे वळलो नाही. कारखान्याची लांबच लांब भिंत संपली, टाउनशिपची शेवटची क्वार्टर्स मागे पडली. आज अयोध्या नगराची वस्ती आहे त्या बाजूला तेव्हा नुसतं माळरान होतं, एक कोरडा नाला आणि काठानं बेशरमची झुडपं. पक्का रस्ता संपला तरी बाबांनी वेग कमी केला नाही. कुठं वळायचं, कुठला खड्डा चुकवायचा, त्यांना विचार करावा लागत नव्हता. मी पुढे उभी होते, मला दिसत होतं. वाळलेल्या गवतातून एकाच चाकाची मळलेली वाट गेली होती आणि आमची स्कूटर तिच्यावरूनच चालली होती.

झुडपांच्या आड बाबा थांबले. हातभर जागेभोवती दगड नीट लावलेले होते. आजूबाजूचं गवत उपटलेलं. एका बाजूला माती बसून बसून गुळगुळीत झालेली, माणूस मांडी घालून बसेल एवढी.

आई उतरली. तिनं दगड पाहिले, ती बसकी जागा पाहिली, मागे वळून चाकाची वाट पाहिली. मग बाबांकडे पाहिलं.

“तुम्ही येता इथं?”

“हो.”

“कधी?”

“कारखाना सुटला की. घरी यायच्या आधी.”

“रोज?”

बाबांनी मान डोलावली. “तुला त्रास होईल म्हणून बोललो नाही.”

आईचं तोंड लाल झालं. थेटरात ओरडली त्याहून मोठ्यानं ओरडेल असं मला वाटलं, पण तिचा आवाज अगदी बारीक निघाला.

“चार महिने तुम्ही एकटेच भेटत होतात त्याला?”

 बाबा त्या गुळगुळीत जागेपाशी उभे होते. आईनं चपला काढल्या आणि हातानं त्यांना बाजूला केलं.

“सरका,” ती म्हणाली. “आता मी बसते.”